मान कधी धरली?

(दृश्य : पहाट. न्हाणीघराबाहेर पेटलेला बंब, धूर. पाट. आजीचे तेलाचे हात, पोराचे पाय.)

करवीर तालुक्यातलं एक गाव. आजीनं खोबरेल तेल कोमट करून घेतलंय. पोरगं सहा वर्षांचं आहे. नाव सांगू नका, असं आई म्हणाली, म्हणून सांगत नाही.

त्याचे पाय बघा. कात्रीसारखे एकमेकांवर चढलेत. आजी ते सोडवते, पण ओढून नाही. गुडघ्याच्या वर तळहात ठेवते आणि थांबते. पाय आपणहून सैल पडेपर्यंत थांबते.

(दृश्य : हाताचा जवळून घेतलेला शॉट. आठ सेकंद निवेदन नाही.)

हे थांबणं ती उशिरा शिकली. आधी शेजारचा एक जुना पैलवान यायचा. तालमीतला हात, चांगला रगडायचा. पोरगं किंचाळायचं आणि पाय आणखी ताठ व्हायचे. पैलवानाची माया खोटी नव्हती, पण हा स्नायू तालमीतला नव्हे. झटका दिला की तो आखडतो आणि हळू गेलं की वाट देतो. मेंदूकडून ‘आता सैल हो’ हा निरोपच नीट पोचत नाही, म्हणून जेवढ्या वेगानं ओढाल तेवढा तो विरोध करतो. याला स्पास्टिसिटी म्हणतात. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांत हाच प्रकार असतो.

सेरेब्रल पाल्सी. मराठीत मेंदूचा पक्षाघात, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांच्या तोंडी नुसतं ‘सीपी’. कोल्हापुरात या नावानं एक वेगळाच घोळ होतो. ‘पोराला सीपी आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘सीपीआरला? कधी ॲडमिट केलासा?’ सीपीआर म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय.

(दृश्य : सीपीआर रुग्णालयाची दगडी इमारत, बाहेरून. रिक्षा, फळांचे गाडे.)

हे पोरगं सातव्या महिन्यात जन्मलं. महिनाभर काचेत होतं. काचेच्या पेटीचं चित्रण आमच्याकडे नाही, आत कॅमेरा नेता येत नाही, आणि नेऊही नये. तेव्हा पाटीवरचं हे चित्र बघा.

(दृश्य : फिजिओथेरपिस्ट खडूनं पाटीवर मेंदू काढतायत. मध्ये दोन पोकळ्या.)

मेंदूच्या मधोमध पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेचा भाग फार लवकर जन्मलेल्या बाळांत अगदी नाजूक असतो. रक्तपुरवठा जरा डळमळला की इजा तिथं होते. आणि पायांकडं जाणाऱ्या तारा नेमक्या त्याच कडेनं जातात, हातांच्या तारा थोड्या लांबून. म्हणून या पोराचे हात बऱ्यापैकी चालतात आणि पाय अडतात. याला डायप्लेजिया म्हणतात. एकाच बाजूचा हात-पाय अडला तर हेमिप्लेजिया. कावीळ फार वाढून मेंदूत उतरली तर वेगळंच चित्र दिसतं : अंग ताठ राहत नाही, पोरानं न ठरवता वळवळत राहतं.

एकदा झालेली इजा पुढं वाढत नाही. पण पोरगं वाढतं. हाड लांब होतं, आखडलेला स्नायू त्या मानानं लांबत नाही, टाच उचलली जाते आणि पोरगं चवड्यावर येतं.

(दृश्य : पोरगं वॉकर धरून अंगणात. टाचा अधांतरी. कोंबड्या बाजूला होतात.)

लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरनं 1861 साली अशा मुलांवर निबंध वाचला. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा होता. अवघड बाळंतपण आणि हे आखडलेले पाय यांचा संबंध त्यानं जोडला, आणि बरीच वर्षं या विकाराला ‘लिटलचा रोग’ म्हणत. पुढं सिग्मंड फ्रॉइडनं, हो, तोच मनोविश्लेषणवाला, 1897 साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यानं शंका काढली की इजा कधी कधी पोटात असतानाच झालेली असेल आणि बाळंतपण अवघड होणं हाच तिचा परिणाम असेल. आज बऱ्याच मुलांच्या बाबतीत हे खरं मानलं जातं. काही वेळा कारण सापडतही नाही.

गावात मात्र कारण लगेच सापडलं होतं. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणे.

(दृश्य : आई चुलीपाशी. ती काही बोलत नाही. शॉट लांबवावा.)

आता मानेकडं येऊ. बाळानं चौथ्या महिन्यापर्यंत मान धरावी. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेवरून मोजायचं नाही, बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिथून मोजायचं. तसं मोजूनही या पोरानं मान धरली नव्हती. मुठी सदा आवळलेल्या, लंगोट बदलताना मांड्या सुटत नसत. आजी सांगते :

(आवाज, आजी : ‘मी म्हटलो, ह्याचा बा पण उशिराच चाललेला. धरंल की मान, काय घाई हाय. मोठं झालं की समदं हुतंय.’)

आजीला दोष देणारे आम्ही कोण? हे वाक्य या जिल्ह्यात निम्म्या घरांत ऐकू येतं, आणि कधी कधी पांढऱ्या कोटातूनही. पोरगं थेरपीला आलं तेव्हा दोन वर्षांचं झालं होतं. कॅनडातल्या संशोधकांनी सहाशेहून जास्त मुलांच्या हालचाली वर्षानुवर्षं मोजून 2002 साली मांडलं, की सीपीच्या मुलाला बसणं-उभं राहणं-चालणं यातलं जेवढं जमणार असतं, त्यातलं नव्वद टक्के साधारण पाच वर्षांच्या आत जमून जातं. ज्यांचा त्रास जास्त, त्यांचं त्याहूनही आधी. वाट बघण्यात गेलेली ती दोन वर्षं या पाचातलीच होती.

(दृश्य : थेरपीची खोली. प्लायवूडची उभं राहायची चौकट, पट्टे. पोरगं चौकटीत, पुढ्यात जोंधळ्याची परात.)

ही चौकट गावच्या सुतारानं केली. मोबाईलवरचा फोटो बघून, छातीची पट्टी एकदा चुकवून, पुन्हा करून. पोरगं तिच्यात उभं राहून जोंधळे निवडतं. खेळ वाटतो, पण सगळा इलाज यातच आहे. दुसऱ्यानं पाय ताणून देणं एका मर्यादेपर्यंत कामाचं, पोरानं स्वतः, कशासाठी तरी, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल खरी. त्या परातीत आज शेंगदाणे लपवलेत. बघा, कमरेतून वाकलं!

(दृश्य : तीच हालचाल पुन्हा, संथ गतीत.)

बाकीचं थोडक्यात. काहींना फिटचे झटके येतात, खुबे निसटतात, त्यासाठी एक्स-रे काढत राहावं लागतं. साधारण निम्म्या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते, पण बोलणं अडखळतं म्हणून शाळा त्यांना मागं बसवते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपीचं नाव आहे, सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि वडलांचा रोजगार दिव्यांग दाखल्याच्या खेपांत बुडतो.

(दृश्य : चप्पल लाईन. टांगलेल्या चपलांच्या माळा. वडील, खांद्यावर पोरगं.)

पोराच्या पायात प्लॅस्टिकचे स्प्लिंट असतात, पोटरीपासून तळव्यापर्यंत. त्यावर बूट बसतो, अंगठ्याची कोल्हापुरी बसत नाही. त्याला पाहिजे होती कोल्हापुरीच, चालताना कर्र कर्र वाजणारी. दुकानदारानं दोन-तीन जोड वाजवून दाखवले. वडलांनी एक घेतला.

(दृश्य : घर, संध्याकाळ. शेणानं सारवलेलं अंगण. स्प्लिंट काढून ठेवलेले.)

पोरगं रांगतं तेव्हा दोन्ही गुडघे एकदम पुढं टाकतं, सशासारखं. चपला त्यानं हातात घातल्यात.

(दृश्य : पोरगं अंगणभर. निवेदन नाही, संगीत नाही. फक्त चपलांचा आवाज.)