भेकराची सहा गुणसूत्रं

सह्याद्रीच्या जंगलात ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांनी भेकराचं ओरडणं नक्की ऐकलं असेल. कुत्रं भुंकावं तसं. बिबट्याची चाहूल लागली की हे भित्रं जनावर भुंकत सुटतं. आज मात्र आपल्याला त्याच्या पेशीत डोकवायचं आहे. १९७० साली वुर्स्टर आणि बेनिर्श्के या दोघांनी भेकराची गुणसूत्रं मोजली. मादीत ६, नरात ७! सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाचीच सापडलेली नाहीत. आणि त्याच्याच जवळच्या नात्यातल्या, चीनमधल्या भेकराची किती? ४६. म्हणजे तुमच्याआमच्याइतकी. भेकराच्या वंशात लहान लहान गुणसूत्रं एकमेकांना चिकटत गेली आणि शेवटी हे चार-दोन जाडजूड सोट उरले.

पेशी दुभंगताना या सोटांना दोन्ही बाजूंनी दोऱ्या लागतात आणि ते ओढले जातात. दोरी कुठे बांधायची? त्या जागेला सेंट्रोमिअर म्हणतात. आणि ‘गाठ इथे मारा’ अशी खूण करणारं एक प्रथिन तिथे बसलेलं असतं, त्याचं नाव सेंप-ए. ते सापडलं कसं, हे सांगायचा मोह आवरत नाही. स्क्लेरोडर्मा नावाच्या आजारात त्वचा कडक होत जाते. अशा काही रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यांच्या स्वतःच्याच सेंट्रोमिअरवर जाऊन चिकटतात. १९८५ साली अर्नशॉ आणि रॉथफील्ड यांनी त्याच रक्ताचा गळासारखा उपयोग केला आणि हे प्रथिन वर काढलं.

सेंप-ए हिस्टोनांच्या घराण्यातलं. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती रिळं. हे घराणं कमालीचं सनातनी आहे. एच-४ नावाचा हिस्टोन वाटाण्यात आणि वासरात ताडून पाहिला, तर १०२ अमिनो आम्लांपैकी फक्त २ वेगळी निघाली. पेशीला ‘हं, आता विभाग’ असा हुकूम देणाऱ्या प्रथिनाचीही तीच गत. पॉल नर्स आणि मेलनी ली यांनी १९८७ साली माणसातलं या प्रथिनाचं जनुक, ते बिघडलेल्या यीस्टच्या पेशीत घातलं आणि ती पेशी विभागू लागली.

मग सेंप-एसुद्धा असंच थिजलेलं असायला हवं, नाही का? काम तेच, जागा तीच. पण फळमाश्यांच्या जवळजवळच्या जातींतही ते ओळखू येणार नाही इतकं बदललेलं असतं. असं का व्हावं, याचं उत्तर हेनिकॉफ, अहमद आणि मलिक यांनी २००१ साली मांडलं. यातले हरमीत मलिक पवईच्या आयआयटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकून गेलेले.

अंडं तयार होतं ते पाहा. एका पेशीचे विभाजनातून भाग होतात, त्यातला एकच अंडं बनतो, बाकीचे इवलेसे कण वाया जातात. शुक्रपेशींचं तसं नाही, तिथे चारही वाटे चालतात. म्हणजे मादीच्या देहात प्रत्येक गुणसूत्रापुढे प्रश्न असतो: अंड्यात जायचं की कचऱ्यात? जे सेंट्रोमिअर जास्त सेंप-ए ओढून घेईल, त्याची पकड बळकट आणि अंड्याकडे जायची शक्यता जास्त. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकल लॅम्पसन यांच्या गटाला उंदरांच्या संकरात नेमकं हेच दिसलं. पण अशी रस्सीखेच बाकी जीवाला महागात पडते, विशेषतः नराच्या शुक्रपेशी बनताना. म्हणून प्रथिन बदलतं आणि त्या दांडग्या सेंट्रोमिअरचा फायदा काढून घेतं. मग नवा दांडगा उभा राहतो. एकाच घरातल्या भावांची ही भाऊबंदकी लाखो वर्षं चालू आहे. हा सिद्धान्त सगळीकडे सारखाच लागू पडतो असं मी म्हणणार नाही, पण याहून चांगलं स्पष्टीकरण माझ्या वाचनात नाही.

काही कीटकांनी तर हे प्रथिन टाकूनच दिलं. फुलपाखरं आणि पतंग, चतुर, ढेकणाचं कुळ. यांच्या गुणसूत्राला एका जागी नाही, अख्ख्या लांबीवर दोऱ्या लागतात. सेंप-ए त्यांच्यात नाहीच, पण दोऱ्या धरणारी पुढची प्रथिनं शाबूत आहेत. एकाच पूर्वजाकडून हे आलेलं नाही, वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळ्या वेळी घडलं. गंमत म्हणजे सीनोऱ्हॅब्डायटिस या गोलकृमीच्या गुणसूत्रालाही अशाच लांबीभर दोऱ्या लागतात, पण त्यानं सेंप-ए ठेवलं आहे.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलं: एका जिवाचं सेंप-ए दुसऱ्यात चालेल का? चांगला प्रश्न, कारण उत्तर उलटंपालटं आहे. २००४ साली माणसाच्या पेशीतलं सेंप-ए कमी करून त्या जागी यीस्टचं दिलं, तर निभावून गेलं. उलट ड्रॉसोफिला या फळमाशीच्या एका जातीचं सेंप-ए दुसऱ्या जातीच्या पेशीत घातलं, तर ते सेंट्रोमिअरवर बसेचना. त्याला तिथे नेऊन बसवणारं कॅल-१ नावाचं दुसरं प्रथिन असतं. तेही त्याच माशीतून आणून सोबत दिलं, तेव्हा कुठे ते जागेवर बसलं.