९० मिनिटांचा दिवा

(हेलिकॉप्टरमधून. पहाटेचा समुद्र, लांबवर फ्लेअरची, म्हणजे जादा गॅस जाळणाऱ्या चिमणीची, ज्वाला.)

जुहूहून उडालं की मुंबई मागे पडते आणि खाली नुसतं पाणी. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर हे मुंबई हाय, समुद्रातलं तेलक्षेत्र. १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या रिगने इथे तेल शोधलं. ही ज्वाला बघून वाटतं, इथे उजेडाला काय तोटा!

(कार्यशाळेतलं टेबल. दिव्याचं एक फिटिंग उघडलं जातं.)

तोटा तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या जिन्यात होतो. मोठी गॅसगळती झाली की वीज जाते, किंवा मुद्दाम बंद करतात. मग उरतात हे बॅटरीवर चालणारे फ्लेमप्रूफ दिवे. खरेदीच्या तक्त्यात पहिला रकाना किमतीचा, दुसरा उजेडाचा. आम्हाला विचाराल तर दोन्ही नंतर. आधी हा सांधा बघा.

(सांधा अगदी जवळून.)

फ्लेमप्रूफ म्हणजे आत गॅस शिरतच नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. शिरतो. ठिणगी पडली तर आत स्फोटही होतो. पण झाकण आणि डबा यांच्यामधली ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. तिच्यातून बाहेर येईपर्यंत ज्वाला थंड होते आणि बाहेरचा गॅस पेटत नाही. म्हणून या गुळगुळीत कडेवर ओरखडा नको, रंग तर नकोच, आणि बोल्ट एकही गहाळ नको. खाऱ्या हवेत साधं ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजायला लागतं. तिथे ३१६ एल स्टेनलेस स्टील टिकतं. महाग आहे, हो.

(बॅटरी बाहेर काढली जाते.)

एका खोलीत मोठी बॅटरी ठेवून सगळीकडे केबल नेता येते. सांभाळायला सोपं. पण आगीत ती केबल जळाली की अख्खा जिना काळोखात. निदान सुटकेच्या वाटेवर तरी प्रत्येक दिव्याच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी हवी. आणि काही दिवे खाली, पायांशी. धूर आधी वर साचतो.

जुने सोडियमचे दिवे वीज क्षणभर हुकली तरी पुन्हा पेटायला काही मिनिटं घेत. एलईडीने ती कटकट संपवली.

(जुनी छायाचित्रं.)

६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, पायपर अल्फा प्लॅटफॉर्म : स्फोट आणि आग, १६७ मृत्यू. २७ जुलै २००५, मुंबई हाय नॉर्थ : जहाज राइजरवर, म्हणजे समुद्रतळातून तेल-गॅस वर आणणाऱ्या पाइपवर, आदळलं, आग लागली, २२ जण गेले.

(पुन्हा टेबल. मनगटावरचं घड्याळ.)

मुख्य वीज तोडली. बॅटरीवर दिवा किती वेळ टिकेल, त्याची कागदावर ९० मिनिटं आहेत, पण तो कागद नव्या बॅटरीचा. या दिव्याने चार पावसाळे काढलेत.

(९० मिनिटं व्हायला अजून अवकाश आहे. दिवा मंदावतो. निवेदन नाही.)