देवघेवीच्या टेबलापाशी : शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाची रोजची सेवा

अध्यक्षमहाराज, ग्रंथालयाचे पदाधिकारी, कर्मचारी आणि वाचकहो,

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त 12 ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. या दिवशी जी भाषणे होतात ती बहुधा ग्रंथांच्या थोरवीविषयी असतात. मला आज ग्रंथालयाच्या कामाविषयी बोलायचे आहे. शहरातले सार्वजनिक ग्रंथालय तिथल्या माणसांसाठी रोज नेमके काय करते आणि काय करू शकेल, याविषयी. उपक्रमांच्या बाबतीत आपली ग्रंथालये कुठेही कमी पडत नाहीत. व्याख्यानमाला, दिवाळी अंकांचे प्रदर्शन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे सारे आपण मनापासून करतो, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. वसंत व्याख्यानमालांनी या राज्यातल्या दोन-तीन पिढ्यांना विचार करायला शिकवले आहे. परंतु ग्रंथालयाची परीक्षा वर्षातल्या त्या मोजक्या संध्याकाळी होत नसते. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी देवघेवीच्या टेबलापाशी जो माणूस येतो, त्याला हवे ते मिळते की नाही, यावर ती होते. या रोजच्या कामाला आपण कारकुनी समजत आलो, आणि त्यामुळे आपले फार नुकसान झाले, असे माझे ठाम मत आहे.

आपली परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. त्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या हेतूने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये निघाले आणि पाच वर्षांनी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ही घरे कोणा सरकारने बांधून दिलेली नाहीत. वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी यांनी वर्गणी काढून, देणग्या मागून ती उभी केली. मात्र जी संस्था वर्गणीदारांच्या बळावर उभी राहते ती साहजिकच वर्गणीदारांची होते. जो वर्गणी आणि अनामत भरू शकत नाही, किंवा ज्याला या दारातून आत जाण्याचा आपला हक्क आहे हेच ठाऊक नाही, त्याचा विचार करण्याची सवय अशा संस्थेला सहजासहजी लागत नाही.

ती सवय एका मराठी राजाने आपल्या राज्याला लावली होती, आणि ते उदाहरण मला जरा विस्ताराने सांगितलेच पाहिजे. बडोद्याचे सयाजीराव महाराज 1906 मध्ये अमेरिकेत गेले असताना तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी बारकाईने पाहिली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे काम ते आपल्या राज्यात करतच होते. शाळेत अक्षरओळख झालेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यात आणले. बॉर्डन तीनच वर्षे राहिले, पण तेवढ्या काळात महाराजांचा राजवाड्यातला संग्रह सर्वांसाठी खुला होऊन मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले, ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग निघाले, आणि 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून प्रसिद्ध होऊ लागले.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती फिरती ग्रंथपेटी. 15 ते 30 पुस्तके मावतील अशी मजबूत लाकडी पेटी, तिला कुलूप, आत पुस्तकांची यादी. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथल्या शिक्षकाने किंवा एखाद्या जबाबदार गृहस्थाने मागणी केली की ती पेटी त्या गावी रवाना व्हायची, वाहतुकीचा खर्च ग्रंथालय खाते सोसायचे, आणि ठरावीक मुदतीनंतर ती परत येऊन दुसरी जायची. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी त्याच खात्याची एक वेगळी शाखा होती. ती गावोगाव जाऊन चित्रे आणि पडद्यावरील दृश्ये फुकट दाखवत असे. शहरात मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले होते. गावोगावच्या ग्रंथालयांसाठी बडोद्याचे ग्रंथालय कार्यकर्ते मोतीभाई अमीन यांनी आयुष्य वेचले, आणि गावाने जेवढे जमवावे त्याच्या जोडीला स्थानिक पंचायत व राज्य यांनी आपापला वाटा घालावा, अशी व्यवस्था बसवली गेली. या साऱ्या योजनेत वाचकाने ग्रंथालयाकडे येण्याची वाट पाहिलेली नाही. आज नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत मराठी पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत जातात, तेव्हा मला बडोद्याच्या त्या पेट्यांची आठवण होते आणि समाधान वाटते.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे मार्ग धरले. रंगनाथनांच्या प्रयत्नांतून मद्रास राज्याने 1948 मध्ये कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, बसवला. कर्नाटकानेही 1965 च्या कायद्यात उपकर ठेवला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. आपण उपकर घेतला नाही. लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता द्यायची, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग द्यायचे आणि वर्गानुसार अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत. तिच्यामुळे राज्यात हजारो ग्रंथालये टिकली, आणि स्थानिक कार्यकर्त्यांचा जिव्हाळा सरकारी खात्यात मुरून गेला नाही, हे तिचे श्रेय मी मोकळेपणाने देतो. पण वर्ग ठरतो तो मुख्यतः ग्रंथसंख्या, वर्गणीदारांची संख्या, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर किती वाचकांना मिळाले, कितीजण रिकाम्या हाताने परत गेले, हे कोणत्याही तपासणीत विचारले जात नाही. जे विचारले जात नाही ते हळूहळू केलेही जात नाही.

संदर्भसेवेचेच पाहा. समजा, एक निवृत्त गृहस्थ येतात. त्यांच्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी एक छोटे पुस्तक छापले होते, असे घरात सांगत आले आहेत. नाव नक्की आठवत नाही, आडनाव तेवढे माहीत आहे. टेबलामागचा कर्मचारी संगणकावर नाव टाकून पाहतो आणि 'आपल्याकडे नाही' म्हणतो. हे उत्तर खरे असले तरी ती सेवा नव्हे. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची आयुष्यभर खपून केली आहे. ती सूची कपाटातून काढून लेखकाच्या नावाखाली पाहिले, पुस्तकाचे नाव, छापखाना आणि वर्ष सापडले, आणि मग जुन्या मराठी ग्रंथांचा संग्रह असलेल्या मोठ्या ग्रंथालयांना एक पत्र गेले, म्हणजे ती संदर्भसेवा झाली. यात अर्धा तास जातो. पण त्यासाठी टेबलामागच्या माणसाला दाते सूची म्हणजे काय हे माहीत हवे, आणि त्या अर्ध्या तासात रांग खोळंबू नये म्हणून दुसरा माणूसही हवा. सगळे काही मोबाईलवर सापडते असे म्हणणाऱ्यांनी एखादे जुने मराठी पुस्तक खरोखर शोधून पाहावे.

मुलांच्या विभागाबद्दल मी थोडे कठोर बोलणार आहे. बालविभाग अनेक ठिकाणी आहे, पण तो कपाटांत आहे. पुस्तके काचेआड, किल्ली टेबलाच्या खणात, आणि मुलाने आधी नाव सांगायचे, मग पुस्तक मिळायचे. सात वर्षांच्या मुलाला पुस्तकाचे नाव माहीत नसते; ते हाताळून, चित्रे पाहून, दोन पाने चाळून ठरवते. पुस्तके फाटतील ही भीती खरी आहे, आणि मर्यादित अनुदानातून पुस्तके घेणाऱ्या ग्रंथपालाची ती चिंता मी समजू शकतो. तरीही वापरून फाटलेल्या पुस्तकाची नोंद मी यशाच्या बाजूला करीन. मुलांच्या उंचीची उघडी मांडणी, बसायला सतरंजी, आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणारी एक व्यक्ती, एवढे केले तरी खूप झाले. मात्र तो दिवस एकदाही चुकता कामा नये, कारण कामावरून धावतपळत येऊन मुलाला आणणारी आई एकदा बंद दार पाहून गेली की पुन्हा येत नाही.

अभ्यासिकांविषयी दोन मते आहेत. स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःची पुस्तके घेऊन बसतात, ग्रंथालयाचे एकही पुस्तक उघडत नाहीत, अशी तक्रार मी अनेक सभांतून ऐकली आहे. माझे मत वेगळे आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर शांत जागा, दिवा, पंखा आणि पिण्याचे पाणी ही ग्रंथालयाने द्यावी अशीच सेवा आहे. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात तर स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी वेगळे दालन आहे. त्या मुलांना तुच्छ लेखू नये. त्यांच्या टेबलावर रोज दोन चांगली नियतकालिके ठेवावीत, आणि परीक्षेत यश मिळाले नाही तर पुढे काय याची माहितीही तिथेच मिळावी.

आता ज्यांना ग्रंथालयाच्या पायऱ्या चढता येत नाहीत किंवा छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्याविषयी. दिल्ली पब्लिक लायब्ररी युनेस्कोच्या साहाय्याने 1951 मध्ये सुरू झाली आणि फिरती ग्रंथालये, अंध वाचकांसाठी ब्रेल विभाग अशा सेवा तिने पुढे उभ्या केल्या. आपल्याकडे कायद्याचा अडथळा आता उरलेला नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकाची ध्वनिमुद्रित, ब्रेल किंवा संगणकावर ऐकता येईल अशी प्रत तयार करता येते. अशा व्यक्तींना वाचता येतील अशा प्रती सुलभ करणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा भारत 2014 मध्ये जगातला पहिला देश ठरला. 'सुगम्य पुस्तकालय' हा ऑनलाइन संग्रहही आहे. आपल्या शहरातल्या एखाद्या अंध विद्यार्थ्याला तिथे नावनोंदणी करून द्यायची, त्याच्या अभ्यासाचे पुस्तक तिथे नसेल तर वाचून ध्वनिमुद्रित करणारे स्वयंसेवक जमवायचे, याला इमारत लागत नाही. ज्येष्ठ वाचकांसाठी घरपोच पुस्तक देण्याची व्यवस्था काही ग्रंथालयांनी केली आहे. ती सर्वत्र व्हावी, आणि पुस्तक नेऊन देणाऱ्याने दाराशी दोन मिनिटे थांबून मागचे पुस्तक कसे वाटले, पुढे काय आणू, एवढे विचारावे. वाचकाची आवड ओळखण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

हे सगळे करणार कोण, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या ग्रंथालयांतले बहुसंख्य कर्मचारी अत्यल्प वेतनावर काम करतात. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींची त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. ज्याला महिन्याच्या अखेरीस घर चालवण्याची भ्रांत आहे त्याच्याकडून दाते सूची उघडून अर्धा तास शोध घेण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? शासनाकडे आपण मागणे मागत राहूच. पण व्याख्यानमालेच्या मंडपासाठी, हार-तुऱ्यांसाठी आणि निमंत्रणपत्रिकांसाठी ज्या देणग्या आपण दरवर्षी जमवतो, त्यांतला काही भाग एका प्रशिक्षित संदर्भसाहाय्यकाच्या मानधनासाठी राखून ठेवणे हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी. वाचकाने जे मागितले आणि आपण देऊ शकलो नाही ते त्यात त्याच दिवशी लिहावे, पुढे काय केले याचा रकाना ठेवावा, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाच्या आधी ती वही वाचून दाखवावी. पुढच्या वर्षीची ग्रंथखरेदी आणि उपक्रमांची आखणी त्या नोंदींवरून व्हावी.