रजा १५ दिवसांची, गणपती २१ दिवसांचा

(दृश्य: सावंतवाडी बसस्थानक, सकाळ, बारीक पाऊस)

वेंगुर्ल्याची गाडी लागलीय. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, आणि आजी ७८ वर्षांच्या आहेत. पिशवीत दोन पातळं, कापूर, उदबत्त्या आणि मोजून १५ दिवसांच्या गोळ्या. सोळाव्या दिवसाची गोळी नाही. त्या ज्या वृद्धाश्रमातून निघाल्या, तिथली रजाच तेवढी आहे.

(दृश्य: आश्रमाचं कार्यालय, आदल्या दिवशीचं)

घरी जायचं तर अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो. कारण लिहायचं, पत्ता लिहायचा, तिथं सोबत कोण असेल त्याचा मोबाईल नंबर लिहायचा. खाली जबाबदार नातेवाइकाची सही. आजींचा मुलगा मुंबईत, म्हणून अर्जाचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो, सही होऊन परत येतो, कार्यालयातला पोरगा त्याची प्रिंट काढून फायलीत लावतो. हे झालं की सिस्टर पुड्या बांधायला बसतात. रक्तदाबाची गोळी पांढऱ्या कागदात, साखरेची वर्तमानपत्राच्या कपट्यात, कारण आजींना वेष्टनावरची बारीक अक्षरं लागत नाहीत. रक्तदाब मोजून नोंद होते. परत आल्यावर पुन्हा मोजतात.

शेवटी रजेची वही. नाव, खोली, खाट क्रमांक, गेल्याची तारीख, येण्याची तारीख. या वहीची पानं चाळायला हवीत. भाद्रपदाच्या तोंडावर सह्यांची दाटी, पुढं महिनोन्‌महिने एखाददुसरी नोंद, मग एकदम शिमगा. देवाची पालखी दारात येणार आणि दाराला कुलूप, हे कोकणातल्या कुठल्या म्हाताऱ्या माणसाला सोसेल?

नियम असा: सलग १५ दिवसांहून जास्त बाहेर राहिलं, तर खाट रिकामी झाली असं धरून ती दुसऱ्याला दिली जाते. रजेच्या काळातही महिन्याचे पैसे मात्र पूर्ण भरायचे.

(दृश्य: गावचं घर. माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधली जातेय.)

आजी स्वतः शिडीवर चढत नाहीत, पण खालून त्यांचा हुकूम चालतो. नारळ मध्ये, सुपारीचा घड उजवीकडे, कवंडाळ पुढं. पुतण्या दोनदा चुकतो, दोनदा ऐकून घेतो. सिंधुदुर्गात बहुतेकांकडे गणपती दीड, पाच, सात किंवा अकरा दिवसांचा असतो. काही घरांत मात्र तो २१ दिवस बसतो. हे त्यांपैकी एक. आजी दोन दिवस आधी आल्यात, तेव्हा त्यांची रजा तेराव्या दिवशी संपणार.

आजी म्हणतात, "आमचो गणपती एकवीस दिसांचो. माका रजा पंधरा दिसांची. मगे रवलेले दिस देवाक कोण बघतलो?"

पुतण्या बघतो, अर्थात. पण आजींचा प्रश्न तो नाही.

(दृश्य: गावातली बंद घरं, कुलपं, अंगणातलं गवत)

भाडेकरूला कायदा किती मुभा देतो ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. भाड्याची जागा वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकाला ती परत मागता येते. सहा महिने, आणि तेही वाजवी कारण नसेल तरच. हे संरक्षण आश्रमातल्या खाटेला मिळत नाही. तिथं राहणारा साधारणपणे भाडेकरू धरलाच जात नाही. तो संस्थेच्या परवानगीनं राहतो आणि संस्थेचे नियम हाच त्याचा करार. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे. त्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान एका वृद्धाश्रमाबद्दल बोलतं, निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल एवढ्या. औषधोपचाराचा उल्लेख त्यात आहे, करमणुकीच्या साधनांचाही आहे. चार दिवस घरी जाऊन आल्यावर आपली खाट आपलीच राहील का, याबद्दल ते कलम काही म्हणत नाही.

(दृश्य: व्यवस्थापक, टेबलामागे)

व्यवस्थापक सांगतात, बाहेर प्रतीक्षा यादी आहे, आणि गावी कुणी पडलं-झडलं तर नातेवाईक जाब आम्हालाच विचारतात. दुसरी गोष्ट पटते. पहिली पटत नाही. पूर्ण पैसे भरलेली खाट रिकामी कशी? यादीतल्या माणसाची निकड खरी आहे, पण तिचं उत्तर जास्त खाटा हे आहे.

गेल्या वर्षी एक आजोबा उशिरा परतले, त्यांची खाट गेली होती. ते आता डोंबिवलीला मुलाकडे असतात.

(दृश्य: तेरावा दिवस. आजी पिशवी भरतायत, मागं गणपती, समई.)

(इथं निवेदन नाही. फक्त आरतीचा आवाज.)

(दृश्य: आश्रमाचा व्हरांडा, यंदाचा आषाढ)

यंदा आश्रमातल्या काहींनी मिळून विश्वस्तांना पत्र दिलंय. मागणी साधी आहे: रजा सलग दिवसांवर न मोजता वर्षाची मोजावी, म्हणजे शिमगा, आंबे, गणपती यांत ज्याची त्यानं वाटून घ्यावी. दवाखान्यातले दिवस रजेत धरू नयेत. आणि खाट दुसऱ्याला देण्याआधी फोन नाही, लेखी कळवावं.

विश्वस्तांची बैठक नारळी पौर्णिमेनंतर आहे. आजींनी अर्ज आत्ताच भरून ठेवलाय, २३ दिवसांचा.