पल्ला गाठण्याचा आनंद कशात आहे

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

लांब पल्ल्याची ड्रोन उड्डाणे हौशी माणसाला इतकी का आवडतात, हा आजचा विषय. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वतः काही ना काही उडवलेले आहे. कोणी एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाच्या फासळ्या चिकटवल्या असतील, कोणी अलीकडे गॉगल लावून थेट एफपीव्हीपासून, म्हणजे यंत्रावरच्या कॅमेऱ्याचे दृश्य डोळ्यांसमोर बघत उडवण्यापासून, सुरुवात केली असेल; त्यामुळे प्राथमिक माहितीत मी वेळ घालवत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: या आनंदाचे मूळ हिशेबात आहे. यंत्र डोळ्यांआड गेले की त्याला हात लावता येत नाही, आणि घरी टेबलावर बसून आपण जेवढे नीट केले तेवढेच त्याच्याबरोबर पुढे जाते.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो: ‘इतक्या लांब नेऊन मिळवता काय? वरून शेत ते शेतच दिसणार.’ या प्रश्नाचा मला मनापासून त्रास होतो. विचारणाऱ्याने पाहिलेली असते ती दोन मिनिटांची सुंदर चित्रफीत. तिच्यामागे बॅटरीचे वजन, प्रॉपेलरची निवड, अँटेनाची दिशा, वाऱ्याचा अंदाज आणि प्रत्येक सोल्डर-जोडाची तपासणी यांत गेलेल्या संध्याकाळी त्याला कोणी दाखवलेल्याच नसतात. म्हणून अशा माणसाला मी नेहमी मेनार्ड हिल यांची हकीकत सांगतो. आपल्यापैकी काहींना ती ठाऊक असेल, तरी ती सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

हिल हे अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ आणि आयुष्यभराचे विमान-मॉडेलकार. छोट्या विमानाने अटलांटिक ओलांडायचा, हा त्यांचा ध्यास होता. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, दृष्टी जवळजवळ गेलेली, ऐकूही फार कमी येत असे. तरीही बोटांनी चाचपून ते बाल्साची कामे करत. आंतरराष्ट्रीय विक्रमाच्या नियमानुसार विमानाचे वजन इंधनासह ५ किलोच्या आत हवे होते. त्या पाच किलोंत साधारण निम्मे वजन इंधनाचे, आणि उरलेल्या अर्ध्यात सुमारे १.८ मीटर लांबीचे पंख, १० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन, ऑटोपायलट, जीपीएस आणि उपग्रहाकडे खबर पाठवणारे यंत्र. आधीची विमाने समुद्राने गिळली. तरी २००३ च्या ऑगस्टमध्ये हिल आणि त्यांचे सहकारी पुन्हा कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर गेले, आणि ९ तारखेच्या संध्याकाळी केप स्पिअरच्या कड्यावरून स्वतः हिल यांनी हाताने फेकून टॅम-५ हे विमान हवेत सोडले.

आता त्यातल्या इंधनाकडे बारकाईने पाहा, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. सुमारे अडीच किलो इंधनावर इंजिन दीड दिवसाहून अधिक काळ चालवायचे, म्हणजे तासाला साठ-सत्तर ग्रॅमपेक्षा जास्त खर्च परवडणार नाही. इंधन आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरमधून इंधन दहा टक्क्यांनी जरी जास्त ओढले गेले असते, तरी विमान किनाऱ्याच्या बरेच अलीकडे समुद्रात पडले असते. आणि मिश्रण फार पातळ झाले असते, म्हणजे त्यात इंधन फार कमी पडले असते, तर इंजिन तापून बंद पडले असते. रात्रीच्या अंधारात, मधल्या समुद्रावर, इंधनाचे प्रमाण ठरवणारी कार्ब्युरेटरची सुई फिरवायला कोणी नव्हते. ती किती फिरवायची हे मेरीलँडमधल्या शेतावर, असंख्य चाचण्यांनंतर, आधीच ठरलेले होते. मध्यंतरी विमानाकडून खबर येणे थांबले, तेव्हा हेही गेले असेच अनेकांना वाटले. ३८ तास ५२ मिनिटांनी, ११ ऑगस्टला, आयर्लंडमधल्या क्लिफडनजवळच्या मॅनिन किनाऱ्यावर एका सहकाऱ्याने ते रेडिओवर हाती घेऊन उतरवले. पल्ला झाला होता सुमारे ३,०३० किलोमीटर, आणि टाकीत अगदी थोडे इंधन उरले होते. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन या ब्रिटिश वैमानिकांनी मधे कुठेही न थांबता अटलांटिक पार केला, तेव्हा त्यांचे विमानही क्लिफडनजवळच दलदलीत उतरले होते. हिल यांनी तोच मार्ग घेतला.

विमान उतरले त्या क्षणी हिल न्यूफाउंडलंडमध्येच होते. स्वतः बनवलेल्या विमानाचे उतरणे त्यांनी पाहिले नाही, आणि जवळ असते तरी ते त्यांना फारसे दिसले नसते. वाटेतले एकही दृश्य त्यांच्या वाट्याला आले नाही. मग आनंद झाला तो कशाचा? हा प्रश्न मी त्या चित्रफीतवाल्यांना परत विचारतो.

आपल्या रोजच्या उडवण्यातही हाच हिशेब लहान प्रमाणात असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचे पंखाचे, म्हणजे विमानासारख्या स्थिर पंखांचे, यंत्र घ्या आणि ताशी २० किलोमीटरचा वारा. वाऱ्याबरोबर २० किलोमीटर गेलात तर पंधरा मिनिटे लागतील, कारण जमिनीवरचा वेग ८० होईल. परतताना तो ४० होईल आणि तीस मिनिटे लागतील. एकूण पंचेचाळीस. वारा नसता तर चाळीस मिनिटांत काम झाले असते. म्हणजे जाताना वाचलेला वेळ येताना भरून द्यावा लागतोच, वर पाच मिनिटे जास्तीची जातात. नवखा माणूस जाताना पडद्यावरचा वेग बघून खूश होतो आणि निम्मी बॅटरी संपल्यावर वळतो. तेव्हा उशीर झालेला असतो. जाणता माणूस आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो, म्हणजे परतीला वारा पाठीशी राहतो. पडद्याच्या कोपऱ्यातला बॅटरीचे किती मिलीअँपिअर-तास (तिच्या क्षमतेचे माप) खर्च झाले हा आकडा तो दर मिनिटाला वाचतो, आणि घराची दिशा दाखवणारा बाण वळला की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो. तो चेहरा ज्यांनी शेजारी उभे राहून पाहिला आहे, त्यांना माझे म्हणणे पटवून द्यावे लागत नाही.

आयोजकांनी घड्याळ दाखवले आहे. त्यामुळे जाहीर केलेला मुख्य युक्तिवाद आता भराभर मांडतो.

पहिली गोष्ट ऊर्जेची. चार पंख्यांच्या ड्रोनला नुसते अधांतरी राहण्यासाठीच बॅटरी झिजवावी लागते. पंखाचे यंत्र पुढे जाता जाता पंखांवर तोलले जाते, म्हणून लांब पल्ल्याचे लोक पंखांकडे वळतात. लिथियम-पॉलिमरची बॅटरी एका दमात भरपूर प्रवाह देते, पण तितक्याच वजनात लिथियम-आयनचे गोल सेल जास्त ऊर्जा साठवतात; शांत, काटकसरी उड्डाणाला तेच योग्य.

दुसरी गोष्ट रेडिओची. अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते, म्हणजे ६ डेसिबलची घट. ती भरून काढायला प्रेषकाची शक्ती चौपट करावी लागते, किंवा तेवढ्याच जास्त गेनची, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटणारी, अँटेना नीट रोखावी लागते. अँटेना हा शहाणा मार्ग आहे. शंभर मीटर उंचीवरच्या यंत्राला पृथ्वीच्या वक्रतेमुळे रेडिओचे क्षितिज साधारण ४० किलोमीटरवर मिळते, पण सह्याद्रीची एक सोंड मधे आली की हे गणित पाच किलोमीटरवरही फसते.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती मी आग्रहाने सांगतो. अमेरिकेत हौशी उड्डाण नजरेच्या टप्प्यातच करावे लागते. आपल्याकडेही २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरव्या क्षेत्रात, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येते अशा भागात, साधारण ४०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, आणि नजरेपलीकडचे उड्डाण हौसेखातर करण्याची गोष्ट नाही. खाली गाव असते, वर माणसांची विमाने असतात. पण म्हणून पल्ला सोडण्याचे कारण नाही. बंद फेऱ्यांत मोजलेल्या अंतराचे विक्रम आंतरराष्ट्रीय पातळीवर मानले जातात. नजरेसमोर एक किलोमीटरची फेरी आखा आणि चाळीस फेऱ्या घ्या. ऊर्जेचा आणि वाऱ्याचा हिशेब तोच राहतो, उलट प्रत्येक वळणावर यंत्र कलते, पंखांवरचा भार आणि त्याबरोबर हवेचा विरोध वाढतो, म्हणून तो आणखी कसाला लागतो. फक्त रेडिओची परीक्षा तेवढी राहून जाते.

वेळ संपली. वाऱ्याचे गणित ज्यांना स्वतःच्या यंत्राच्या आकड्यांवर करून पाहायचे आहे, त्यांनी फळ्यापाशी थांबावे. यंत्राचा वेग आणि बॅटरीची क्षमता कागदावर लिहून आणली तर आपण लगेच बसून मांडू.