दोन हत्ती, एक बाजार

(दृश्य: टेबलावर ठेवलेला पिवळा कापडी हत्ती.)

डग कटिंग हा अमेरिकन प्रोग्रामर. त्याच्या लहान मुलाकडे पिवळ्या कापडाचा एक हत्ती होता आणि पोराने त्याचं नाव ठेवलं होतं हडूप. अर्थ विचाराल तर काहीच नाही. २००६ मध्ये कटिंगला आपल्या नव्या सॉफ्टवेअरसाठी नाव हवं होतं. त्याने पोराचं खेळणं उचललं. म्हणायला सोपं आणि आधी कुणी वापरलेलं नाही, एवढं पुरे होतं. पुढची आठ-दहा वर्षं हा कापडी हत्ती सिलिकॉन व्हॅलीत अंबारी चढवून मिरवला.

आपली गोष्ट त्याची आहे. आणि आणखी एका, निळ्या हत्तीची. तो हळू चालतो, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे जरा उशिरा वळेल.

(दृश्य: जुने संगणक, फिरणाऱ्या टेपच्या चकत्या.)

हे रान डेटाबेसचं, म्हणजे माहिती साठवून हवी तेव्हा काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं. हत्ती यायच्या आधी इथे राज्य होतं वाघाचं. ओरॅकलचं.

माहिती टेबलांमध्ये, म्हणजे रांगा आणि रकान्यांत ठेवावी, आणि ती कुठे कशी साठवली आहे याची चिंता मागणाऱ्याने करू नये, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. आयबीएमला घाई नव्हती. तिचं आयएमएस हे जुन्या पद्धतीचं उत्पादन चांगलं खपत होतं. चालत्या दुकानाला कोण टाळं लावतं? पण आयबीएमच्या संशोधकांचे छापील लेख सगळ्यांनाच वाचायला मिळत होते. ते लॅरी एलिसन यांनी वाचले. १९७७ मध्ये दोन भागीदारांना घेऊन त्यांनी कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. त्या पहिल्याच मालावर लिहिलं होतं 'आवृत्ती २'. पहिली आवृत्ती कधी विकायला आलीच नाही. नवख्या कंपनीचा पहिलावहिला माल कोण घेणार?

डेटाबेसचा धंदा एकदा विकून संपत नाही. बँकेचे हिशेब, त्यावर लिहिलेले शेकडो प्रोग्राम, ते सांभाळणारी माणसं, सगळं त्या एका डेटाबेसभोवती गुंफलं जातं. मग दरवर्षी परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के सपोर्ट फी. घर आवडलं नाही म्हणून माणूस भाड्याचं घर बदलेल. पण इथे घर सोडायचं म्हणजे भिंती काढून न्यायच्या. आणि घर किती पक्कं आहे हे चारचौघांत सांगायचीही बंदी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या डेटाबेसचा वेग मोजून आकडे प्रसिद्ध केले. ओरॅकलचे आकडे काही कौतुकाचे नव्हते. त्यानंतर कंपनीच्या करारात कलम आलं: आमच्या परवानगीशिवाय चाचणीचे निकाल छापायचे नाहीत. बाकीच्या कंपन्यांनीही ते कलम उचललं आणि त्याला नाव पडलं 'डेविट कलम'. बिचाऱ्या प्राध्यापकांचं नाव ज्यावरून अमर झालं, ते त्यांचंच तोंड बंद करणारं कलम.

(दृश्य: मतमोजणीचं सभागृह, टेबलांच्या रांगा.)

मग इंटरनेट आलं आणि माहिती एका यंत्रात मावेना. गूगलने २००३ आणि २००४ मध्ये दोन लेख प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना आपल्याला निवडणुकीवरून झटकन कळेल. राज्यभरातल्या मतपेट्या मुंबईत आणून एका माणसाने मोजायच्या नाहीत. जिथल्या पेट्या तिथेच, चौदा टेबलांवर चौदा जण मोजतील, आणि वर पाठवायचे ते फक्त आकडे. म्हणजे माहितीला कामाकडे न्यायचं नाही, काम माहितीकडे पाठवायचं. एखादं टेबल मोडलं तरी चालेल, कारण प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन यंत्रांवर असतात. हडूपने हेच केलं, तेही साध्या, स्वस्त यंत्रांवर. आणि फुकट. याहू आणि फेसबुकने ते उचलून धरलं.

(दृश्य: सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, सकाळ.)

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली. देशातले पहिले आधार क्रमांक या आदिवासी गावात दिले गेले. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, फोटो. आता हिशेब करा: देशातल्या प्रत्येक माणसाची एवढी माहिती, आणि दर यंत्राचा परवाना विकत घ्यायचा! आधारच्या यंत्रणेत मायएसक्यूएल हा डेटाबेस, हडूप आणि हडूपवर उभं असलेलं एचबेस ही मुक्त स्रोताची, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली अवजारं वापरली गेली, त्यात नवल नाही. टेंभलीच्या त्या मांडवात या नावांची चर्चा अर्थातच कुणी केली नसेल.

(दृश्य: पुण्यातला रस्ता, क्लासच्या पाट्या.)

पुढची काही वर्षं वेड्यासारखी गेली. क्लाउडेरा, मॅपआर, हॉर्टनवर्क्स या तीन कंपन्या एकाच फुकट हत्तीची निगा राखायचे पैसे घेत होत्या. २०१४ मध्ये एकट्या इंटेलने क्लाउडेरात ७४ कोटी डॉलर घातले. पुण्यात 'बिग डेटा' हे नाव असलेला क्लास सापडला नाही असा चौक नसेल. फी भरून मीही एक प्रमाणपत्र मिळवलं. ते अजून फाइलमध्ये आहे, हडूप मात्र पुन्हा चालवायची वेळ आली नाही.

कारण हा हत्ती पोसणं सोपं नव्हतं. त्याला हलवायला माहुतांची फौज लागे. प्रत्येक टप्प्यानंतर तो सगळं डिस्कवर लिहून ठेवी, त्यामुळे साधा प्रश्न विचारला तरी उत्तर चहा पिऊन आल्यावर. आणि मुख्य दुखणं वेगळंच होतं. हडूपमध्ये माहितीची साठवण आणि तिच्यावरचं काम एकाच यंत्रात बांधलेलं. म्हणजे धान्य वाढलं की नुसतं कोठार बांधून भागायचं नाही, सोबत बैलजोडीही विकत घ्यायची, कामाला असो वा नसो. तिकडे ॲमेझॉनच्या क्लाउडवर नुसतं कोठार भाड्याने मिळत होतं, तेही स्वस्तात.

२०१९ च्या जानेवारीत क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स एकत्र झाल्या. त्याच वर्षी मॅपआर हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने घेतली. २०२१ मध्ये क्लाउडेरा शेअर बाजारातून बाहेर पडली. हत्ती गेला, शेपूट मात्र मोठमोठ्या कंपन्यांच्या तळघरात अजून हलतं आहे.

(दृश्य: काचेची इमारत, मोठ्या पडद्यावर आलेख.)

त्याच्या जागेवर दोन दावेदार आले. ओरॅकलमधून बाहेर पडलेल्या दोघांनी एका तिसऱ्या साथीदाराला घेऊन २०१२ मध्ये स्नोफ्लेक काढली. कोठार वेगळं, बैल वेगळे. बैल हवे तेव्हा भाड्याने घ्या, काम झालं की सोडा. सप्टेंबर २०२० मध्ये शेअर १२० डॉलरला विकला गेला आणि पहिल्याच दिवशी दुपटीवर बंद झाला. दुसरी डेटाब्रिक्स, २०१३ ची. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्पार्क हे माहितीवर काम करणारं वेगवान साधन लिहिणाऱ्यांनी काढलेली.

एकीचा पिंड कारकुनाचा: नीट लावलेली माहिती, पटापट अहवाल. दुसरीचा प्रयोगशाळेचा: कच्ची माहिती, मशीन लर्निंग. मग दोघीही एकमेकींच्या वावरात शिरल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेटाब्रिक्सने वेगाचा विक्रम जाहीर केला, स्नोफ्लेकच्या संस्थापकांनी तो जाहीरपणे खोडला, डेटाब्रिक्सने पुन्हा उत्तर दिलं. बघणाऱ्यांची करमणूक झाली, पण एक काम चांगलं झालं. या भांडणात दोघींनीही आपापल्या करारातलं डेविट कलम काढून टाकलं.

गिऱ्हाईक मात्र शहाणं झालं होतं. ओरॅकलचा अनुभव गाठीशी होता. माझी माहिती माझ्याच कोठारात राहू दे, तीही अशा बांधणीत की कुणाचेही बैल जुंपता येतील, अशी मागणी सुरू झाली. नेटफ्लिक्समध्ये जन्मलेली आइसबर्ग ही अशीच खुली बांधणी. जून २०२४ मध्ये स्नोफ्लेकचा मेळावा ऐन रंगात असताना डेटाब्रिक्सने घोषणा केली: आइसबर्गच्या निर्मात्यांची टॅब्युलर ही कंपनी आम्ही घेतोय. मांडव त्यांचा, मिरवणूक यांची.

(दृश्य: फांदीला दोन फाटे.)

खुल्या सॉफ्टवेअरचीही एक जखम आहे. मायएसक्यूएलला तिच्या निर्मात्याने, मॉन्टी विडेनियसने, मुलीचं नाव दिलं होतं: माय (My). ते सॉफ्टवेअर २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एक अब्ज डॉलरला घेतलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलच्या घरात गेलं. बापाने फाटा काढला, म्हणजे त्याच कोडवरून वेगळं सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. पुढे क्लाउडवाल्यांनी दुसऱ्यांची फुकट सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोंगोडीबी, इलॅस्टिक, रेडिस या अशा सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी एकामागून एक परवाने आवळले. रेडिसने मार्च २०२४ मध्ये आवळला, तर त्याच महिन्यात वाल्की नावाचा फाटा तयार! वर्षभराने रेडिस पुन्हा खुल्या परवान्याकडे वळलं.

(दृश्य: निळ्या हत्तीचं चिन्ह, हळूहळू मोठं होत जातं.)

आता तो दुसरा हत्ती. पोस्टग्रेस हा डेटाबेस. १९८६ मध्ये बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेला प्रकल्प. विद्यापीठाने हात काढून घेतल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी तो उचलला. ना एक मालक, ना शेअर. परवाना एवढा सैल की कुणीही घ्या, बदला, विका. विकत घेण्यासारखं काही नाही म्हणून तो कुणाला गिळता आला नाही. त्यावर पोट भरणाऱ्या कंपन्या मात्र पुष्कळ. त्यातल्या एंटरप्राइजडीबीचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. ॲमेझॉनने २०१९ मध्ये आपल्या ग्राहक-व्यवसायातले सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेस बंद केले, ७५ पेटाबाइट माहिती हलवली. त्यातला एक वाटा पोस्टग्रेसच्याच धाटणीच्या डेटाबेसकडे गेला.

मे २०२५. डेटाब्रिक्सने निऑन ही पोस्टग्रेसवाली कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. तीन आठवडे उलटायच्या आत स्नोफ्लेकने क्रंची डेटा ही दुसरी पोस्टग्रेसवाली कंपनी घ्यायचं जाहीर केलं. दोन तरुण पैलवान, आणि दोघेही चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या त्याच उस्तादाच्या तालमीत.

डेटाब्रिक्सने तेव्हा एक आकडा सांगितला. निऑनवर तयार होणाऱ्या डेटाबेसपैकी ८० टक्क्यांहून जास्त माणसांनी बनवलेले नव्हते. एआय एजंटांनी, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामांनी बनवले होते. अर्ध्या सेकंदाच्या आत नवा डेटाबेस उभा राहतो, एजंट त्यात काहीतरी करून बघतो, आणि नको असेल तर टाकून पुढचा मागतो.

(दृश्य: काळ्या पडद्यावर एकामागून एक उजळणारे आणि विझणारे छोटे चौकोन. आवाज नाही.)