पायरीवरचा चुना

(दृश्य: बडोदं, दांडिया बाजार. जुन्या घराचा दरवाजा.)

सकाळचे सात. दोन महिने झाले, या दाराची कडी वहिनी काढत नाहीत, लेक काढते. बोटं वळतच नाहीत. अंगठी साबण लावून काढावी लागली. दहापर्यंत हात मोकळे होतात, म्हणून घरात सगळे म्हणाले, थंडी बाधली. पण दोन्ही हात सारखेच आखडलेले, तेही तासाहून जास्त. हे थंडीचं लक्षण नव्हे, इथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आर. ए.) या संधिवाताची शंका घ्यायला हवी.

एक्स-रे स्वच्छ आला. इथेच बरीच घरं निश्चिंत होतात, आणि मला भीती वाटते ती याच निश्चिंतीची. एक्स-रेत हाड कुरतडलेलं दिसतं ते कुरतडून झाल्यावर.

रक्तात खुणा त्याआधी उतरतात. ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या दाह किती ते सांगतात, पण साध्या संसर्गातही वाढतात. ॲन्टी-सीसीपी ही प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणी जास्त नेमकी. ही प्रतिपिंडं दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीही सापडतात.

प्रत्यक्ष झिजेचा माग मात्र वेगळाच. सांध्याचं अस्तर सुजलं की त्यातून एमएमपी-३ हे विकर (एन्झाइम) सुटतं आणि कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीची, प्रथिनं तोडू लागतं. कूर्चेतलं कॉम्प नावाचं प्रथिन, हाडाच्या कोलॅजेनचे सीटीएक्स-१ हे तुकडे, सगळं रक्तात येतं. जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे कळेल. भिंत उभीच असते, पण रोज झाडताना पायरीवर चुना सापडतो.

हा चुना मोजणं अवघड. सीटीएक्स पहाटे चढतो, दुपारी उतरतो, जेवणानंही घटतो, म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी घेतात. स्टेरॉइड चालू असेल तर एमएमपी-३ वाढलेलं दिसतं. रोगाचं निदान मात्र झीज मोजणाऱ्या या चाचण्यांसाठी अडत नाही. अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०१० च्या निकषांत सुजलेले सांधे, आर. ए. फॅक्टर (प्रतिपिंडांचीच दुसरी चाचणी) किंवा ॲन्टी-सीसीपी, ईएसआर किंवा सीआरपी आणि सहा आठवड्यांचा काळ यांना गुण आहेत. १० पैकी ६ पुरतात. एक्स-रेत झीज दिसलीच पाहिजे, अशी अट नाही.

वहिनींचे ८ झाले. त्याच आठवड्यात मेथोट्रेक्सेट हे या संधिवाताला आवर घालणारं औषध सुरू झालं.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.)

लेकीनं प्रत्येक रविवारभोवती लाल गोल काढलाय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आज बुधवार. डबा वरच्या फळीवर आहे.